तळघराची ओल दर पावसाळ्यात परत का येते, आणि रंग मारून ती का जात नाही

घर जांभ्याचं, उताराला बांधलेलं आणि खाली तळघर असेल, तर मिरग (मृग नक्षत्र) लागल्यावर ही तक्रार ठरलेली. मागच्या भिंतीला ओल फुटते, भाताच्या पोत्यांना खालून बुरा चढतो, आमसुलं पाझरतात, खोलीत पाय टाकला की कोंदट वास नाकात बसतो. गणपतीला मुंबईहून माणसं येतात, नाकं मुरडतात आणि कोणीतरी म्हणतंच, "पुढच्या मे महिन्यात चांगल्यातला वॉटरप्रूफ रंग मारून टाकू." मे महिन्यात रंग मारला जातो. श्रावणात त्याचे पापुद्रे सुटतात. पुढच्या वर्षी आणखी महागाचा डबा येतो.

आमच्या देवगडकडच्या वाडीत हे इतक्या घरांत चाललंय की संध्याकाळच्या चहाला पाऊस, आंबा आणि ओल एवढेच विषय उरतात. त्या गप्पांतून, एक-दोन जुन्या गवंड्यांकडून आणि भिंती उकरताना जे हाती लागलं ते मांडतो. थोडक्यात म्हणणं असं: ओल निरनिराळ्या वाटांनी येते, प्रत्येक वाटेचा इलाज वेगळा, आणि आतून मारलेला रंग त्यातल्या एकाही वाटेचा इलाज नाही. पाणी बाहेरून भिंतीत शिरतं आणि आतल्या बाजूने निघायला बघतं. आत रंग मारला की ते रंगाच्या पाठीमागे साठतं आणि रंगाला ढकलून बाहेर येतं. डबा कितीही महाग असो, ढकलायचं काम चालूच राहतं.

(समुद्राला लागून सपाटीवर घर असेल तर तळघराचा प्रश्नच नाही. पावसात विहीर काठोकाठ भरते तिथे कोणी खाली खणत नाही. हे सगळं उतारावरच्या घरांबद्दल आहे, जिथे खालच्या खोलीचं दार अंगणात उघडतं आणि मागची भिंत डोंगरात असते.)

ओल दिसते कधी, ते आधी लिहून काढा

दुकानात जायच्या आधी खडू आणि कॅलेंडर घ्या. भिंतीवर ओलीची कड जिथे संपते तिथे खडूने रेघ ओढायची, शेजारी तारीख टाकायची. कॅलेंडरवर त्या दिवशीचा पाऊस: जोराचा, रिपरिप, उघडीप. एक पावसाळा एवढं केलंत तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, कारण प्रत्येक ओलीची वेळ वेगळी असते.

पावसाची सर आली आणि तासा-दोन तासांत भिंत भिजली, तर पाणी वरून येतंय. फुटकं कौल, सरकलेला कोना, दोन छपरं मिळतात तिथली पन्हळ, नाहीतर दर्याकडून येणारी झड. तळघर खाली असलं तरी वरच्या भिंतीत शिरलेलं पाणी चिऱ्यांच्या सांध्यांतून उतरत उतरत खालीच येतं. म्हणून तळघराच्या ओलीसाठी माळ्यावर चढून बघायला लाजू नका.

जोराचा पाऊस पडून गेला, एक-दोन दिवस काही नाही, आणि मग भिंत भिजायला लागली. उघडीप पडली, बाहेर ऊन आलं तरी भिंत ओलीच, तर ते डोंगरातलं पाणी.

जमिनीपासून दोन-तीन फुटांवर जवळजवळ सरळ रेघेत ओल थांबते, तिच्या कडेला पांढरा खार फुटतो आणि शिमग्यातही खालचा भाग गारच लागतो, तर ओल जमिनीतून वर चढतेय. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसंच, चिऱ्याच्या बारीक भोकांतून.

एक थेंब पाऊस नाही, मे अखेरीचा उकाडा आहे आणि तरीही लादी ओली, लोखंडी पेटीवर थेंब, तर तो हवेचा घाम. त्यावर पुढे येतोच.

आणि बारा महिने एकाच जागी, एकाच आकाराचा डाग असेल तर मोरीचा पाइप, न्हाणीची जमीन किंवा संडासाची टाकी बघा. घराच्या पाण्याच्या टाकीत पाणी येणारा कॉक रात्री बंद करून पाण्याची पातळी खुणेने नोंदवा. घरात कोणी पाणी वापरलं नाही आणि सकाळी पातळी उतरली, तर डोंगराला दोष देण्यात अर्थ नाही.

अवघड भाग असा की एकाच भिंतीत यातल्या दोन-तीन ओली असतात. रेघा आणि तारखा असल्या म्हणजे निदान कुठली जास्त आणि कुठली कमी ते कळतं.

प्लास्टिकचा तुकडा

जमिनीतून ओल आहे की हवेतून, हे ओळखायला दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिक पुरे. लादीवर किंवा भिंतीवर ते चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टीने घट्ट बसवायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे आले, तर ओल भिंतीतून किंवा जमिनीतून येतेय. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली वाफ गार पृष्ठभागावर बसतेय. भिंत फार भुसभुशीत असेल तर चिकटपट्टी धरत नाही. मग चार बाजूंना पट्ट्या ठेवून खिळे मारा. हे एकदा मे महिन्यात आणि एकदा आषाढात करावं. निकाल वेगळा येतो आणि तो फरकच उपयोगी.

डोंगराकडची भिंत

इथे जरा थांबतो, कारण आमच्याकडच्या दहा तक्रारींतल्या बहुतेक इथेच येऊन पोचतात.

जांभा दगड मुळातच भोकांचा. १८०७ साली स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस बुकाननने मलबारातल्या या दगडाचं वर्णन छापलं तेव्हाच लिहिलं होतं की जमिनीत असताना तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की विटेसारखा कडक होतो. कडक झाला तरी भोकं तशीच राहतात. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, पडलेला पाऊस या भोकांतून, भेगांतून खाली झिरपतो. जांभ्याखाली चिकट मातीचा थर असतो, त्यातून पाणी सहज जात नाही. मग ते आडवं वळतं आणि उतारावर जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. आपल्याकडचे पावसाळी झरे असेच फुटतात. तळघरासाठी डोंगर कापला की आपण त्या आडव्या वाटेतच भिंत उभी करतो. पाऊस थांबल्यावरही भिंत ओली राहते ती म्हणूनच: वरचा सडा अजून निथळत असतो.

गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला एका घरी ही भिंत दाखवायला बोलावलं, तर तो आत आलाच नाही. घराच्या मागे वर चढला, पाचोळा पायाने बाजूला केला आणि वरूनच घरमालकाला ओरडला, "झिला, पाणी वयल्यान येता नि तू भितीक रंग कसलो लावतंस?" पाचोळ्याखाली जुना चर होता. दगडांनी बांधलेला, पऱ्ह्याकडे (ओढ्याकडे) उतरत नेलेला. आजोबांच्या वेळी दरवर्षी साफ व्हायचा. नंतर घरात राहायला म्हातारी दोनच माणसं उरली आणि चर बुजला.

तर पहिलं काम: घराच्या वरच्या अंगाला जुना चर आहे का ते शोधा. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतल्या बाजूने, कलमांच्या मुळाशी, कुठेतरी सापडतोच. तो मोकळा करणं हा सगळ्यांत स्वस्त इलाज. दोन गडी, दोन दिवस, खोरं आणि घमेलं.

चर नसेल तर नवा काढावा लागेल. भिंतीला चिकटून काढू नका. चार-पाच फूट तरी लांब, आणि पायाच्या तळापेक्षा खोल तर कधीच नको, नाहीतर पायाखालचीच माती निघून येईल. तळाला शंभर फुटांत एक फूट तरी उतार हवा. तळाशी चार इंची भोकांचा पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या बाजूला, भोवती खडी आणि गोटे, आणि माती आत जाऊ नये म्हणून बाहेरून जिओटेक्स्टाइलचं कापड. कापड नसेल तर चर उघडाच ठेवा, दगडी काठाचा; दरवर्षी साफ करायला तो बरा पडतो. पाणी शेवटी पऱ्ह्यात किंवा वहाळात सोडायचं. शेजाऱ्याच्या खळ्यात सोडून पुढच्या तीन पिढ्यांचं भांडण विकत घेऊ नका. खणायचं काम दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंतच. भर पावसात ओला डोंगर खणणं म्हणजे दरड अंगावर घेणं.

दुसरं काम छपराच्या पाण्याचं, आणि हे लोक हमखास विसरतात. हिशेब करून बघा: हजार चौरस फुटांच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि आषाढात तो पडतोच, तर ९ हजार लिटरहून जास्त पाणी खाली येतं. अर्धं छप्पर डोंगराकडे उतरत असेल तर त्यातलं अर्धं पाणी पागोळ्यांनी थेट त्या ओल्या भिंतीच्या मुळाशी पडतं. डोंगर राहू दे, ते तर आपणच ओततोय. पन्हळ लावा आणि तिचं पाणी लांब न्या. पन्हळ परवडत नसेल तर पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात फरशी घालून तिला भिंतीपासून दूर उतार द्या. निव्वळ पन्हळ लावून भिंत सुधारलेली घरं वाडीत आहेत, आणि त्यांच्या मालकांनी आधी रंगावर किती घालवले ते सांगायला ते आता तयार नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला आदळलं आणि वर्षभरात तौक्ते आलं. त्यानंतर पुष्कळांनी कौलं काढून पत्रे घातले. पत्रा रात्री गार होतो, आतल्या बाजूला वाफ बसते आणि पहाटे थेंब पडतात. पाऊस नसताना पडणारे हे थेंब गळतीचे नव्हेत. स्क्रूच्या वायसरी बदलत बसण्याआधी एवढं तपासा.

आता एक गोष्ट गप्पांच्या सुरात सांगण्यासारखी नाही. घराच्या वर डोंगराला नवी लांब भेग दिसली, झाडं किंवा विजेचा खांब एकाएकी कलला, कधी नव्हता तिथे गढूळ पाण्याचा झरा फुटला, किंवा दारं अचानक चौकटीत अडायला लागली, तर तो ओलीचा विषय राहिला नाही. माणसं आणि गुरं बाहेर काढा, ग्रामपंचायतीला आणि तहसील कार्यालयाला कळवा, सामान नंतर. महाडजवळ तळियेला २२ जुलै २०२१ ला आणि इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मिठाची भिंत

चर साफ, पन्हळ नवी, कौलं चाळलेली, आणि तरीही एक कोपरा सुकतच नाही. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, पांढरा खार झडतोय, आणि पहिली दमट हवा आली की पाऊस पडायच्या आधीच काळपट ओला. बाजूची भिंत मात्र चांगली. ही केस मला सगळ्यांत आवडते, कारण इथे पाणी कुठूनच येत नसतं.

घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, त्या कोपऱ्यात पूर्वी काय ठेवायचे. उत्तर बहुतेक वेळा मीठ हेच येतं. आगोटीची (पावसाळ्याच्या तोंडाची) बेगमी म्हणून आगरातलं जाडं मीठ पोत्याने यायचं, ते तळघरातल्या एका ठरलेल्या कोपऱ्यात. त्याच्याच शेजारी सुक्या बांगड्याचे डालगे, खारवलेल्या कैऱ्यांची बरणी. पन्नास-साठ वर्षं मीठ पाझरून भिंतीत गेलं. आता मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर हवा त्याच्या वरच असते. म्हणजे ती भिंत चार महिने हवेतूनच पाणी पीत राहणार. डोंगर खणा, छप्पर बदला, तिला फरक नाही.

हाच प्रकार खाडीच्या रेतीने गिलावा केलेल्या घरांत दिसतो, तिथे मात्र पूर्ण भिंतीच्या भिंती. रेती धुतल्याशिवाय वापरली की मीठ घरातच बांधलं गेलं. ओळखायला सोपं: झडलेला पांढरा भुगा चिमटीने पाण्यात टाका. लगेच विरघळला तर खार. तसाच राहिला तर चुन्याचा भुगा किंवा बुरशी. जिभेला लावून बघणारेही आहेत, मी तसं सांगणार नाही.

इलाज एकच, मीठ बाहेर काढणं. ओल्या खुणेच्या वर फूट-दीड फुटापर्यंतचा गिलावा खरवडून काढा, सांधे अर्धा-पाऊण इंच उकरा, आणि तो सगळा भुगा घराबाहेर लांब टाका; अंगणात टाकलात तर पावसात परत मुळाशी जाईल. भिंत ब्रशने कोरडी घासायची. पाण्याने धुवायची नाही, पाण्याबरोबर मीठ पुन्हा आत उतरतं. मग दसरा ते एप्रिल भिंत उघडी ठेवून सुकू द्या. त्या काळात खार आणखी फुटेल, तो दर आठवड्याला झाडून काढायचा. त्यावर चुन्याचा गिलावा, एक भाग चुना आणि तीन भाग नदीची धुतलेली रेती, सिमेंट अजिबात नको. हा गिलावा उरलेला खार ओढून घेईल आणि काही वर्षांनी स्वतः खराब होईल. तेव्हा तो काढून पुन्हा करायचा. गवंडी म्हणेल, "सिमेंट घातलं की काम कायमचं." कायमचं म्हणजे काय ते खाली.

सिमेंट आणि लादी

सिमेंटचा गिलावा पाण्याला बाहेर पडू देत नाही, चिरा मात्र आतून भिजतच असतो. मग पाणी सिमेंट जिथे संपतं तिथपर्यंत वर चढतं. पूर्वी दोन फुटांवर थांबणारी ओल चार फुटांवर दिसायला लागते आणि लोक म्हणतात ओल वाढली. पाणी तेवढंच आहे, वाट बंद झाली म्हणून ते वर गेलं.

जमिनीचंही तेच. सारवलेली जमीन ओल सोडायची, ती पसरून हळूहळू उडून जायची. तिथे चकचकीत लादी बसवली की खालची ओल भिंतींकडे सरकते. लादी घालायचीच असेल तर भिंतीच्या कडेने सहा-आठ इंचांचा पट्टा मोकळा ठेवा, त्यात खडी भरा. दिसायला बेंगरूळ, पण भिंत श्वास घेते. वाळवीही त्या पट्ट्यात लगेच नजरेला पडते, लादीखालून आली तर थेट कपाटात भेटते.

खिडकी कधी उघडायची

आमच्या शेजारच्या काकींचा सल्ला ठरलेला: "खिडकी उघडी ठेव रे, वारो लागांदे." नोव्हेंबर ते मार्च हा सल्ला सोन्याचा आहे. मे अखेरीस तोच उलटतो.

मे महिन्यात दुपारी हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर ती हवा २८ अंशांच्या पृष्ठभागावर पोचली की पाणी सोडायला लागते. डोंगरात रुतलेल्या तळघराची जमीन त्याहून गारच असते. म्हणजे आपण खिडकी उघडून वारा आत घेतो आणि त्यातलं पाणी लादीवर, पेटीवर, बरण्यांवर उतरवून घेतो. २०२५ साली तर मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत पोचला होता. अशा वर्षी वळवाच्या आधीच तळघराला घाम फुटतो आणि लोक म्हणतात, पाऊस पडला नाही तर ओल आली कुठून?

तेव्हा मे मध्यापासून दुपारी तळघर बंद ठेवा. हवेशीर करायचं असेल तर पहाटे, बाहेरची हवा सगळ्यांत गार असते तेव्हा. जून-जुलैत बाहेर आणि आत सारखंच असतं, वारा लागून काही सुकत नाही, पण कोंदट वास जातो. उघडीप पडून चांगलं ऊन आलं तर एकदम दार सताड उघडण्याची घाई नको. ऊन पडलेल्या अंगणातून येणारी वाफ आधी जाऊ द्या. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र चारशे-पाचशे रुपयांत मिळतं, त्यावर तळघर कायम ८० च्या वर दिसत असेल तर बुरशी येणारच.

ओल शोषणाऱ्या पुड्यांबद्दल लोक हटकून विचारतात. दहा बाय बाराच्या, आठ फूट उंच खोलीतली हवा २७ अंशांना पूर्ण भिजलेली असली तरी तिच्यात पाऊण लिटरपेक्षा कमी पाणी असतं. पुडी तेवढं ओढेलही. पण भिंत रोज बादली-बादली आत सोडत असेल तर पुड्या कुठवर पुरतील? बंद पेटीत, कपाटात पुडी ठेवा. खोलीत ठेवणं फुकट.

बंद तळघर सुकवायला निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार लावण्याची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे. ती करू नका. निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि आत गेलेलं माणूस तिथेच पडतं.

खाली ठेवलेलं सामान

ओलीचा बंदोबस्त होईपर्यंत एक-दोन पावसाळे जाणार, तोवर खायचं सामान वाचवायचं. सगळं भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून फूटभर वर, फळ्यांच्या मांडणीवर. मागून हवा फिरली पाहिजे. डोंगराकडच्या भिंतीला काहीच टेकवू नका, रिकामा पिंपसुद्धा.

उकडा तांदूळ आणि कुळीथ घट्ट झाकणाच्या पिंपात, पण मे महिन्याच्या कडक उन्हात खडखडीत वाळवून आणि पूर्ण गार झाल्यावरच भरायचे. गरम भरले की झाकणाला आतून वाफ धरते आणि तीच बुरशीला पुरते. सोडे, जवळा, सुके बोंबील तळघरात मुळीच नकोत. चुलीवरच्या माळ्याची ऊब त्यांना मानवते, आणि उघडीप पडेल तेव्हा सुपात घालून ऊन दाखवायचं. चूल नसेल तर घट्ट बरणीत भरून फ्रीज. फणसाच्या आठळ्या तळघरात चालतात, कोरड्या मातीत किंवा राखेत पुरून. आमसुलांना मीठ लावलेलं असतं, ती उघडी राहिली की भिंतीसारखीच पाणी ओढतात. काचेची बरणी, वर झाकण, झाकणावर फडकं. मिठाचं पोतं आता वर स्वयंपाकघरात आणा, प्लास्टिकच्या पिंपात. नवी भिंत खारवायला नको.

लोणच्याला बुरा आला की तळघराला शिव्या पडतात, बऱ्याचदा अन्यायाने. आधी बघा, तेल फोडींच्या वर बोटभर आहे का, आणि चमचा ओला गेला होता का. चिनी मातीची बरणी नीट बांधलेली असेल तर दमट खोलीतही लोणचं टिकतं. आंब्याच्या किंवा फणसाच्या साठांवर ठिपके आले तर तेवढाच भाग कापून उरलेलं खाऊ नका. बुरशी दिसते त्याच्या पलीकडे गेलेली असते. शेंगदाणे आणि धान्य बुरसलं तर टाकाच. त्यात होणारं अफलाटॉक्सिन हे विष शिजवून किंवा भाजून जात नाही, आणि असं धान्य कोंबड्यांना किंवा म्हशीला घालणं हीदेखील काटकसर नव्हे.

मांडणीच्या फळ्यांवरची बुरशी पुसताना नाका-तोंडाला फडकं बांधा. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं बाहेर नेऊन जाळा. ब्लिचिंग पावडर वापरत असाल तर त्याच्या जवळपास संडास साफ करायचं ॲसिड आणू नका. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो आणि तळघरातून तो पटकन बाहेर जात नाही. फळ्या उन्हात पूर्ण सुकल्याशिवाय परत खाली नेऊ नका. भाद्रपदातल्या उन्हात दोन दिवस पुरतात, श्रावणात मात्र आठवडाही जाईल.